दुपारी एकनंतरची तक्रार

पहिल्या भेटीत मी त्याला भर बसस्टँडवर झापलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण ते मला पाच मिनिटांनी कळलं.

साल पंच्याण्णव, एप्रिल महिना आणि जळगावचं ऊन. आमच्या केळी संघाचे कॉम्प्युटर दुपारी एकपासून बंद पडले होते. धुळ्याच्या कंपनीला फोन झाला होता आणि त्यांचा इंजिनीअर चारच्या बसने येणार होता. त्याला स्टँडवरून आणायला मीच निघाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण बंद मशीनसमोर हातावर हात ठेवून बसणं माझ्याच्याने होत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांच्या मते माझ्या पायाला भिंगरी आहे.

बस आली, रिकामी होऊ लागली. मी चष्मेवाला, बॅगवाला, चाळिशीचा साहेब शोधत होते. उतरला तो एक सडपातळ तरुण, खांद्यावर काळ्या वायरचं भलंमोठं भेंडोळं. केबलवाला! आमच्या असोद्याच्या गल्लीत टीव्हीची केबल चार दिवस बंद होती आणि आई रोज संध्याकाळी माझ्या नावाने खडे फोडत होती.

"काय हो, चार दिवस झाले. कधी येणार तुम्ही?"

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. "मी… आलो की."

"आता आलात? आणि चार दिवस लोकांनी संध्याकाळी काय करायचं, एकमेकांची तोंडं बघायची?"

"कुठली गल्ली म्हणालात?"

"असोद्याची. मारुतीच्या पारामागची."

"बरं," तो शांतपणे म्हणाला, "जमलं तर तीही वायर बघतो. आधी ज्या कामाला आलोय ते करतो. केळी संघाचं ऑफिस कुठं आहे, सांगाल?"

मी त्याच्या भेंडोळ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्याच्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव होतं, ते मला आत्ता दिसलं.

"चला," मी म्हटलं. "मी तिथलीच आहे."

तो हसला नाही. नुसता ओठ आवळून चालत राहिला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्याचं नाव लीलाधर.

संघाचं काम तसं सोपं. कुणाच्या मळ्यातली केळी कोणत्या दिवशी कापायची, कुठला ट्रक कुठं जायचा, याच्या पाळ्या लावायच्या आणि शेतकऱ्याला चिठ्ठी द्यायची. पाळी चुकली की घड झाडावरच पिकतो आणि मग दिल्लीच्या ट्रकला तो चालत नाही. पूर्वी हे सगळं वहीवर व्हायचं. वर्षापूर्वी कॉम्प्युटर आले, आणि ते चालवायला मी आले. एसीच्या खोलीत सर्व्हर, म्हणजे सगळी माहिती पोटात ठेवणारं मोठं मशीन. तिथून निघालेल्या एकाच काळ्या वायरवर ओळीने चार कॉम्प्युटर. वायर एका जागी बिघडली की चारही मुके. शेवटचा कॉम्प्युटर आवारापलीकडे, वजनकाट्याच्या खोलीत होता.

आमचे अध्यक्ष उखर्डू आबा. जुने केळीवाले. त्यांच्या लेखी जगातली सगळी माणसं सालदार. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं. त्या दिवशी मालकाने ठेवला तर तो राहतो, नाहीतर बिऱ्हाड उचलतो. माझी नेमणूकही आबांनी आखाजी ते आखाजीच केली होती.

"पोरी," त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "आखाजीपावतो हे डबडं नीट चाललं तं ते बी राहीन अन् तू बी राहशीन. नाई तं आपली वही काय वाईट व्हती?"

घरी नानांचं म्हणणं याहून थोडक्यात होतं. नोकरी आहे तोवर तुला लग्नाचं कुणी विचारणार नाही. सुटली, तर आखाजी झाली की फैजपूरचे लोक पाहायला येतील. फैजपूरच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मी त्याला पाहिलंही नव्हतं. मला फक्त घरी बसायचं नव्हतं, आणि आखाजीला अठरा दिवस उरले होते.

लीलाधरने एसीच्या खोलीबाहेर चपला काढल्या. आत गेला, मीटरच्या दोन सुया वायरच्या टोकाला लावल्या, काटा पाहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "बठ्ठं बरोबर शे."

"काय?"

"सगळं बरोबर आहे म्हटलं. मॅडम… हे चालू आहे."

आणि खरंच चालू होतं. चारही पडदे उजळलेले, पाळ्यांची यादी जागच्या जागी. तीन तास मेलेलं मशीन पाहुणा येताच उठून बसलं होतं. मला इतका राग आला की रडूच येईल असं वाटलं.

"एकपासून बंद होतं. देवाशप्पथ."

"मी कुठं नाही म्हणतो?"

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि पुन्हा चारही बंद. पुन्हा फोन, पुन्हा धुळ्याची बस, पुन्हा चार. आणि तो दारात आला तेव्हा पुन्हा सगळं सुरळीत. मग हे रोजचंच झालं. एका खेपेला त्याने आतले सगळे सांधे बदलले. पुढच्या खेपेला बाहेरच्या भिंतीवरचा सांधाही उघडून पाहिला. खणखणीत कोरडा होता, तरी बदलला. दुसऱ्या दिवशी एक वाजता मशीन बंद.

"माझ्यावर त्याचा जीव आहे," लीलाधर सर्व्हरकडे बघत म्हणाला. "मी आल्याशिवाय बोलतच नाही."

"फार मनावर घेऊ नका. माझ्याशी सकाळभर बोलत असतं."

काम करताना तो टेबलाखाली उताणा शिरायचा आणि बाहेर नुसते पाय दिसायचे. मी पक्कड द्यायला, टॉर्च धरायला म्हणून थांबायचे. एकदा टेबलाखालून आवाज आला, "तुम्हाला बसता येत नाही का?"

"येतं की."

"मघापासून मोजतोय. बावीस फेऱ्या झाल्या."

"वायर बघायला आलात की पाय?"

टेबलाखाली पक्कड फरशीवर टेकली. मग — "वायरच. पण पाय मधे येतात."

मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिल्या हाताला घाम आला होता. एसी चालू होता, तरी.

साडेपाचला तो जायचा. जाताना व्हरांड्यातल्या रांजणातलं पाणी प्यायचा, शिपाई निंबाभाऊंशी दोन शब्द बोलायचा, आणि फाटकापाशी पोचल्यावर वळून बघायचा. मला वाटायचं, माझ्याकडे बघतो. मग वाटायचं, खिडकीतून आत आलेल्या वायरकडे बघत असेल. दोन्हीवर विश्वास बसत नसे आणि असोद्याच्या बसमध्ये मी तेच घोळत बसायचे. घरी कणीक जास्त पातळ व्हायची. आई विचारायची, लक्ष कुठं आहे? मी म्हणायचे, संघात.

खरं सांगायचं तर मला स्वतःचीच लाज वाटू लागली होती. बारा वाजले की जीव टांगणीला लागायचा. साडेबारा, पाऊण… मी पडद्याकडे बघत राहायचे. एक वाजून दहा मिनिटं झाली, पडदे थिजले, की माझ्या मनात पहिला विचार यायचा, चला, आता तो येणार. आणि लगेच दुसरा, अगं, हे मशीन बंद पडतंय म्हणजे तू घरी बसतेस! बाहेर खिडकीशी शेतकरी चिठ्ठीसाठी तिष्ठत उभे. आबा व्हरांड्यात येऊन मोठ्यांदा विचारायचे, वही कुठी ठेवली? आणि मी वेणीचं टोक सारखं करत चारची वाट बघायचे. अशी मुलगी नोकरीवर ठेवायच्या लायकीची नाही, हे मलाही पटत होतं.

आखाजीला नऊ दिवस राहिले तेव्हा एक चमत्कार झाला. गुरुवारी दिवसभर मशीन बंद पडलंच नाही. आबा खूश, शेतकरी खूश. मी मात्र चार वाजता उगाच फाटकापर्यंत जाऊन आले. शुक्रवारी पुन्हा एक वाजता बंद पडलं आणि लीलाधर आला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. फाटकाचं सोडून.

तो भेंडोळं खाली ठेवता ठेवता थांबला. "गुरुवारी काय वेगळं होतं?"

"काहीच नाही."

"आठवा. पंखा, एसी, लाइट, माणसं?"

"निंबाभाऊ नव्हते. पुतण्याच्या लग्नाला गेले होते. रांजणातलं पाणी मी भरलं. त्यात वायरचं काय?"

त्याने पहिल्यांदाच मला नीट पाहिलं, म्हणजे पटकन नजर काढून न घेता. "एकदा सकाळी यायला हवं," तो म्हणाला. "मला फोन येतो तेव्हा बिघाड असतो, पोचतो तेव्हा नसतो. पण तक्रारीशिवाय यायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे."

"मग मी सकाळीच तक्रार करते."

"खोटी?"

"अर्धी खरी."

"नको," तो म्हणाला. "तुमच्या नावावर खोटं नको. नोकरीचा प्रश्न आहे."

माझ्या नोकरीचं त्याला कुणी सांगितलं, हे विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी साडेअकराला मी मान वर केली, तर तो दारात. अंगात कंपनीचा शर्ट नव्हता, साधा निळा होता. खांद्यावर भेंडोळंही नव्हतं, हातात फक्त मीटर आणि छोटी पेटी.

"आज कुणी फोन केला नाही," मी म्हटलं.

"मी रजेवर आहे."

"रजेवर माणसं सिनेमा बघतात."

"आखाजीला सात दिवस राहिले," तो म्हणाला आणि स्टूल ओढून सर्व्हरजवळ बसला.

त्या दीड तासाइतका लांब वेळ मी आयुष्यात काढला नाही. मी चिठ्ठ्या छापत होते आणि तो मीटरच्या काट्याकडे बघत होता. मधेच मान वर करायचा तेव्हा मी नेमकी त्याच्याकडे बघत असायचे. मग दोघंही घड्याळाकडे बघायचो. बाहेर गरम वारा आवारातला पालापाचोळा फरफटत नेत होता. एक वाजला. एक वाजून पाच. एक वाजून नऊ मिनिटांनी मीटरचा काटा एकदम कोलमडला आणि चारही पडदे थिजले.

लीलाधर उठलाच. पण घाईने नाही. एका टोकाची वायर सोडवली, मीटर लावला, पुढच्या सांध्याला लावला, मग त्याच्या पुढच्या. "आतलं ठीक आहे. बिघाड भिंतीपलीकडे आहे… आत्ता, या क्षणी आहे." आणि तो अनवाणीच बाहेर पळाला. मी ओढणी डोक्यावर घेऊन त्याच्या मागे. फरशी अशी तापलेली की आम्ही दोघंही नाचतच कोपरा वळलो.

इमारतीच्या मागे, जिथं दुपारी चिटपाखरू फिरकत नाही, निंबाभाऊ भिंतीशी उभे होते. वायरच्या सांध्यावर त्यांनी गोणपाट चार पदरी गुंडाळलं होतं आणि हातातल्या तांब्याने त्यावर हळूहळू पाणी सोडत होते, पोराला न्हाऊ घालावं तसं.

"निंबाभाऊ," मी म्हटलं, "हे काय करताय?"

"झाकू रायलो, माय. एक वाजला का इथी ऊन येते. केळीच्या पिलाले, नव्या कोंबाले, नाई का आपन झाकत? चार वाजता ऊन सरलं का काढून घेतो. रांजनाले लागते ना मले ते."

लीलाधरने गोणपाट उलगडलं. सांध्यातून पाणी ठिबकलं. रोज एक वाजता त्यात पाणी मुरायचं, सगळी वायर आंधळी व्हायची. चारला गोणपाट निघालं की त्या वाऱ्यात सांधा पापडासारखा वाळायचा आणि तेवढ्यात धुळ्याची बस लागायची. अकरा दिवस आम्ही भूत शोधत होतो आणि ते तांब्या घेऊन उभं होतं.

मला हसू फुटणार, तोच मागून आबांचा आवाज आला. "कोनं सांगलं याले पानी टाकाले?"

निंबाभाऊंनी तांब्या भिंतीशी ठेवला. त्यांचंही वर्ष आखाजीला संपत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्यामुळेच मला आठवलं. मशीन पहिल्यांदा बंद पडलं त्याच्या आदल्याच दिवशी मीच त्यांना बजावलं होतं, या मशीनला ऊन लागलं की ते मरतं, थंड ठेवायचं, तुमच्यावर सोपवते. मी सांगून विसरले होते. त्यांनी मनावर घेतलं होतं.

गप्प बसले असते तर माझी नोकरी वाचली असती. बिघाड सापडला होता, आखाजी अजून लांब होती.

"मी सांगितलं, आबा," मी म्हटलं. "मशीन थंड ठेवा, असं मीच म्हटलं होतं. कसं ठेवायचं ते सांगितलं नाही. चूक माझी आहे."

आबा पुढे आले. गोणपाट हातात घेतलं, दाबलं, पाणी गळू दिलं. बराच वेळ सांध्याकडे पाहिलं. मग लीलाधरला विचारलं, "मंग उन्हानं याले काईच होत नाई?"

"वायरला नाही, आबा. तिला फक्त कोरडं ठेवायचं."

"पाह्य बरं," आबा म्हणाले. "मले कोनी म्हनलं असतं का ऊन लागते, तं मी बी हेच केलं असतं." मग निंबाभाऊंकडे वळून, "गोनपाट रांजनालेच ठेव. अन् पोरी, आखाजीची वाट कायले पाहाची? तुम्ही दोघं बी राहा. पन काई सांगशीन तं पुरं सांगत जाय."

लीलाधरने सांधा पुसला, नवा बसवला, वरून रबराची पट्टी घट्ट गुंडाळली. दोन वाजले, अडीच वाजले, पडदे हलले नाहीत. माझी नोकरी राहिली. फैजपूर टळलं. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण तो पेटी आवरत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. उद्या एक वाजता काहीच होणार नव्हतं.

त्याला पोचवायला मी स्टँडपर्यंत गेले. वाटभर मी बोलत होते. काय बोलत होते ते आज एक अक्षर आठवत नाही. धुळ्याची बस उभी होती. तो चढला. खिडकीतून म्हणाला, "येतो मग…"

"कधी?"

कंडक्टरने घंटी मारली आणि मी बसमध्ये चढले.

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"पाळधी." पहिला थांबा तोच.

लीलाधर सरकून बसला. "पाळधीला काय आहे?"

"काम आहे."

मी ठरवलं होतं, पाळधी येईपर्यंत सांगून टाकायचं. पण मी त्याला केळीच्या जाती सांगितल्या. पाळधी आली, गेली. कंडक्टर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "एरंडोल द्या," मी म्हटलं.

"एरंडोललाही काम?" लीलाधरने विचारलं.

आता बोलणं भाग होतं. "रोज एक वाजता मशीन बंद पडलं की मला आनंद व्हायचा," मी खिडकीबाहेर बघत म्हटलं. "नोकरी जायची वेळ आली होती आणि मला आनंद व्हायचा. कारण चार वाजता तुम्ही यायचात. तुम्ही मला आवडता. झालं. आता हसा."

तो हसला नाही. मीटरची वायर बोटाला गुंडाळत राहिला, सोडवत राहिला. "काल घरी गेल्यावर वाटलं होतं, रजा घेऊ नये," तो म्हणाला. "आखाजीपर्यंत असंच चालू द्यावं. आणखी पाच-सहा खेपा झाल्या असत्या."

"मग?"

"मग तुम्ही फैजपूरला."

"हे कुणी सांगितलं?"

"निंबाभाऊंनी. पाण्याबरोबर सगळं देतात ते." तो थांबला. "म्हटलं, आधी तुमची नोकरी राहू दे. मग… माझं म्हणणं सांगता येईल."

"काय म्हणणं?"

बस खड्ड्यातून गेली. पुढच्या बाकावरच्या आजींनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. लीलाधर खाली वाकून, अगदी हळू, त्याच्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "तू माले आवडस."

इतके दिवस मॅडम, तुम्ही… आणि आता एकदम तू. मला त्याच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

"माझ्या घरी सहज हो म्हणणार नाहीत," एरंडोल जवळ आलं तेव्हा मी म्हटलं. "जात वेगळी, बोली वेगळी. नाना बोलणंच टाकतील."

"मी येऊन बोलतो. आखाजीला."

"आखाजीला आमच्याकडे बहिणी, आत्या, चुलत आत्या सगळ्या माहेरी येतात. पंचवीस बायका असतील अंगणात. सगळ्यांसमोर बोलाल?"

"एका टोकापासून सुरू करीन," तो म्हणाला. "एकेक तपासत जाईन."

आखाजीला तो खरंच आला. अंगणात निंबाच्या झाडाला झोके बांधलेले, बायकांची गाणी चाललेली, आणि तो दारात उभा, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. गाणी थांबली. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, काय काम काढलं? त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, तुमच्या चारुलताला मागायला आलो. झोक्यावरची आत्या उतरून जवळ आली, बाकीच्या तिच्यामागे. नानांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तोंड फिरवून तासभर बसून राहिले. लीलाधर उभाच. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "पाव्हना सनाच्या दिवशी आला. जेवून जा म्हना त्याले."

हो म्हणायला त्यांना पुढे दिवाळी उजाडली. पण त्या दुपारी पुरणपोळी आणि आंब्याचा रस संपवून लीलाधर हात धुवायला उठू लागला, तेव्हा नाना पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले.

"बस," ते म्हणाले. "रस घे अजून."